न्यायाला ठेवलेलं पिस्तुल

मुक्बिलने कमरेचं पिस्तुल काढलं, मूठ पुढे करून गालिच्यावर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसला.

"चूक माझी आहे, हिजाम. न्याय तू कर. तू म्हणशील ते मान्य."

हिजामने चेहरा पाडला, रुसून माहेरी आलेल्या बहिणीच्या भावाला शोभेल असा उसासा सोडला, आणि मनातल्या मनात जमेची बाजू मांडून घेतली. पिस्तुल हाताशी आलं होतं. सकाळपासून चूलही पेटलेली होती, कारण त्याच्या बहिणीला, नूरियाला, रिकामं बसवत नाही. हिजामची बायको वारल्यापासून त्या घरात दुपारचा धूर निघाला नव्हता. खर्चाची बाजू त्याने चाचपून पाहिली. ती कोरी होती.

रीत त्या डोंगरात सगळ्यांना पाठ. ज्याने दुखावलं त्याने आपलं हत्यार दुखावलेल्याच्या माणसांपुढे ठेवायचं आणि न्यायही त्यांनाच करू द्यायचा. मग त्यांनी अवाच्या सवा काहीतरी मागायचं, चार लोकांदेखत मन मोठं करून ते सोडायचं आणि हत्यार परत द्यायचं. खरा डौल त्या परत देण्यात. ठेवून घ्यायला तशी कुणाची आडकाठी नसते. लोकांच्या जिभा तेवढ्या असतात.

पिस्तुल तळहाताहून थोडंसंच मोठं. दक्षिणेची फौज मोडली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांच्या कमरेवरून जो माल बाजारात उतरला त्यातलं. मुठीच्या तपकिरी पट्टीवर चांदणी होती, ती झिजून निम्मी राहिलेली. मुक्बिल शेताच्या बांधावरून पडला, खांदा निखळला, बंदुकीचा पट्टा त्यावर ठरेना, म्हणून त्याने हे घेतलं. तेव्हा गाव हसलं होतं. मुलाच्या नावावरून त्याला अबू फारिस म्हणत; अबू फारिसने बंदुकीचं पिल्लू पाळलंय म्हणाले. पुढे त्यांनीच पाहिलं की हे जंबियाच्या, कमरेच्या वाकड्या खंजिराच्या, पट्ट्यामागे चपटं बसतं, चढावर कुल्ल्यावर आदळत नाही, गर्दीत कुणाला लागत नाही. हसणारे मग हळूच विचारू लागले, कधी विकायचं मनात आलं तर सांगा. सर्वांत जास्त वेळा हिजामने विचारलं होतं.

"झालं काय ते तुमच्या तोंडून सांगा," हिजाम म्हणाला. सगळं त्याला ठाऊक होतं. नूरियाने आल्या आल्या एका दमात सांगितलं होतं आणि पीठ कुठे आहे विचारलं होतं.

"उशीखाली होतं. मी नमाजाआधी वजू करायला गेलो. रीम उठली." मुक्बिल दाढी ओढत राहिला. "नळीत गोळी नव्हती. घोडा पडलेला होता. सुरक्षेची कळ वर होती."

स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आवाज आला, "हिजाम, त्यांना सांग, तीन वर्षांच्या पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे चुलीशी घेऊन आली. आजोबांचं खेळणं म्हणाली."

मुक्बिलने पडद्याकडे पाहिलं नाही. रुसलेल्या बायकोकडे पाहायचं नसतं.

"न्यायाला वेळ लागतो, अबू फारिस," हिजाम म्हणाला. "घाई करणार नाही मी."

"नको करूस."

त्याने ती केलीही नाही. पिस्तुल कमरेला लावून तो गुरुवारच्या बाजारात दोन फेऱ्या मारून आला. एरवी एकीत भागायचं.

"बहीण आली ती आंदण घेऊनच आली वाटतं," म्हातारा शायिफ म्हणाला. गावातले तंटे त्याच्या ओट्यावर मिटायचे, त्यामुळे त्याला कुणालाही काहीही म्हणायची मुभा होती.

"तारण आहे, चाचा."

"तारण पेटीत ठेवतात. तू तर ते मिरवतोयस."

मुक्बिल रोज दुपारच्या नमाजानंतर चढ चढून यायचा. यायला निमित्त पिस्तुलाचं.

"तेल दिलंस का त्याला?"

"देतो."

"गोळ्यांची पट्टी काढताना जपून. मुठीच्या बुडाशी खिट्टी आहे, ती एका हाताने मागे दाबायची, दुसऱ्याने पट्टी ओढायची. स्प्रिंग कडक आहे. घाई केलीस तर नख जाईल." हे सगळं तो जरा मोठ्यानेच सांगायचा. हिजाम तर गुडघ्याला गुडघा लावून बसलेला असे.

आतून बशीभर तिळाचं तेल आलं. पडद्याखालून हातानेच सरकवलं.

"हे नाही चालत," मुक्बिल बशीला म्हणाला. "चिकट होतं. शिवणयंत्राचं लागतं."

"ते आमच्या घरी आहे," आतून उत्तर आलं. "खिडकीतल्या कोनाड्यात. सांग त्यांना, हिजाम. आणि त्याच्याशेजारी त्यांच्या गुडघ्याचं मलम आहे, ते लावतात का विचार."

हिजामने विचारायला तोंड उघडलं.

"लावतो म्हणावं," मुक्बिल म्हणाला.

"वास येत नाहीये म्हणावं."

मुक्बिल हसला, लगेच खोकला आणि उठला. दुसऱ्या दिवशी तो तेलाची बाटली घेऊन आला तेव्हा खोलीभर मलमाचा वास सुटला. इतका, की दोन्ही गुडघे, खांदा आणि बहुधा दाढीही चोपडली असावी. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. नूरियाच्या हातून भांडी पडत नाहीत. ती हसताना तोंडावर पदर घ्यायला हातातलं टाकते, हे हिजामला लहानपणापासून माहीत होतं.

हिजामच्याही अंगावर हळूहळू मांस चढत होतं. अंगरख्याला बटण लागलं. मेथीच्या फेसाची वाटी जेवताना पुढ्यात यायला लागली. बाजारातून तो आता लवकर परते आणि वाटेत कुणाशी बोलत उभा राहत नसे. एका गुरुवारी तो पिस्तुल लावायचंच विसरला, आणि ते त्याच्या ध्यानात आलं ते परत येऊन ताईच्या हातचं किश्र, कॉफीच्या सालांचा काढा, पिताना.

आता फार ताणणं बरं दिसणार नव्हतं. नूरिया तंदूरमध्ये भाकऱ्या थापत होती तेव्हा तो दारात बसून म्हणाला, "शायिफचाचांना उद्या बोलावलंय, ताई. दोन बैल मागतो. मग सोडतो आणि पिस्तुल परत देतो. रीतीने जा तू घरी."

नूरियाचा हात भट्टीच्या तोंडाशी थांबला.

"परत देशील?"

"द्यावंच लागतं. नाहीतर लोक काय म्हणतील?"

"हो. तेही खरंच."

तिने भाकरी थापली. ती नीट चिकटली नाही, निसटून निखाऱ्यात पडली. तिने ती चिमट्याने काढून बाजूला ठेवली आणि जळका भाग खरवडत बसली.

"मी अजून काही दिवस राहिले तर तुला अडचण नाही ना?"

"अडचण कसली? पण का?"

"उगीच."

"उशीखाली ठेवू नका म्हणून सांग ना त्यांना. मी सांगू?"

"फारिस रांगत होता तेव्हा बंदुकीचं सांगितलं होतं मी. जागा बदलतो म्हणाले. बदलली. मग कुठे खेड्यात गोळीबार झाला, परत उशाशी. याचंही तेच. हाताशी नसलं की झोप लागत नाही, पाठ उघडी पडल्यासारखं वाटतं म्हणतात." ती थोडी थांबली. "खोटं नाही बोलत ते. लावताना लहान पोरासारखं चाचपून बघतात. टाका म्हणून मी कसं म्हणू? बायको म्हणाली म्हणून हत्यार टाकलं, असं गावात झालं तर मान वर करता येईल का त्यांना? आणि आहे तिथे राहिलं, तर रीमला तिच्या आईबापाकडून कुठल्या तोंडाने आणू मी घरी?"

तिने खरवडलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि चांगली भावाच्या.

हिजाम जेवता जेवता मोजत राहिला. पिस्तुल परत दिलं तर दिलदार म्हणून नाव होणार. ताई इथेच राहणार, आणि तिच्याबरोबर चुलीचा धूर, किश्र, हे बटण. त्याची बाजू काठोकाठ भरत होती. ठेवून घेतलं तर एक लोखंडाचा तुकडा मिळणार, ज्याच्यासाठी त्याने इतकी वर्षं विचारून विचारून जीभ झिजवली होती. त्याने पुन्हा मोजून पाहिलं. उत्तर बदललं नाही. समोर ताई जळकी भाकरी चावत होती आणि अधूनमधून खालच्या वाटेकडे बघत होती. त्या वाटेने यायची मुक्बिलची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शायिफ आला, दोन शेजारी आले. मुक्बिल नवा फेटा बांधून आला. पिस्तुल मध्ये गालिच्यावर.

"बोल, हिजाम," शायिफ म्हणाला.

"पिस्तुल माझ्याकडे राहील. ताई आजच घरी जाईल. हाच न्याय."

शायिफ मान डोलवत थांबला. लोक बैल मागतात तेव्हाही तो असाच थांबतो, पुढचं वाक्य येईपर्यंत.

"आणि मग?"

"मग काही नाही."

"अरे, वीस बैल माग. चाळीस माग. माग आणि सोड. माणसाचं हत्यार ठेवून घेतात का कुणी?"

"मी घेतो."

"सख्ख्या बहिणीचा नवरा आहे तुझ्या."

"म्हणून तर न्यायाला बसलोय, चाचा. परक्याशी काय देणंघेणं?"

एका शेजाऱ्याने जिभेने च्यक् केलं. मुक्बिल पिस्तुलाकडे पाहत होता. त्याचा हात जंबियाच्या पट्ट्यामागे गेला, तिथली रिकामी जागा त्याने चाचपली आणि हात मांडीवर आणून ठेवला. मग रीत मोडून त्याने एकदा सरळ पडद्याकडे पाहिलं.

"शब्द दिला होता मी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मान्य."

पडद्याआड बोचक्याची गाठ आवळल्याचा आवाज झाला. बाकीचं आवरायचं काही उरलं नसावं. ती लगेच बाहेर आली. भावाजवळून जाताना जरा थांबली, त्याच्या खांद्यावरचं पीठ तिने झटकलं. ते तिच्याच हाताचं होतं.

"पिठाचा डबा झाकत जा," ती म्हणाली. "उंदीर आहेत."

उतारावर मुक्बिल पुढे आणि ती मागे निघाली. गुडघ्यामुळे तो हळू चालत होता. वळणाजवळ ती त्याच्या बरोबरीने आली होती.

बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. मुक्बिल भेटेल त्याला सांगत सुटला, गेलं माझं हत्यार, करणार काय, शब्द तो शब्द. ऐकणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवी आणि त्याला चघळायला कातीच्या पाल्याची कोवळी डहाळी देई. पहिल्या रात्री त्याला झोप लागली नाही असं नूरियाने नंतर सांगितलं. पुढच्या एका रात्री रीम दोघांच्या मध्ये झोपली, तेव्हा लागली.

शायिफच्या नातवाच्या लग्नाला हिजाम गेला. बैठकीत वरच्या अंगाला, खिडकीजवळ, त्याची नेहमीची जागा होती. तिथे मुक्बिलला बसवलं होतं. हिजामला पाहून कुणी सरकलं नाही.

"कमरेला नाही आज?" शायिफने विचारलं.

"पेटीत आहे, चाचा. तारण पेटीत ठेवतात."

"कित्येक वर्षं डोळा होता तुझा त्याच्यावर."

"होता."

हिजाम दाराशी बसला. तिथे येणाराजाणारा प्रत्येक जण गुडघ्याला घासून जातो आणि सगळ्यांचे जोडे पाठीशी असतात. या व्यवहारात मुक्बिलने पिस्तुल दिलं आणि त्याला अख्ख्या गावाची माया मिळाली. नूरियाला काहीच द्यावं लागलं नाही, आणि द्यावं लागावं असं कुणाला वाटलंही नाही. उरलेलं सगळं हिजामच्या नावावर पडलं. वरच्या अंगाहून मुक्बिलने कुणाच्या तरी हाती कातीची जुडी पाठवली. डहाळ्या कोवळ्या होत्या, निवडून काढलेल्या. हिजामने मान न उचलता त्या घेतल्या आणि जोड्यांना लागू नयेत म्हणून पाय जवळ ओढले.