तानाजीची साक्ष

पप्पूनं रिक्षा गल्लीत वळवली तसा तानाजीनं टपावरचा भोंगा आपल्या घराच्या दिशेनं फिरवला. तारेनं आवळलेला भोंगा सहजासहजी फिरेना. सीटवर गुडघा टेकवून, अर्धं अंग बाहेर काढून त्यानं तो वळवला आणि मग आवाज पार शेवटापर्यंत वाढवला. सकाळपासून दिंद्रुडच्या बाजारात, आजूबाजूच्या वाड्यांवर त्यानं आवाज बेताचाच ठेवला होता. पण ही स्वतःची गल्ली. इथं मंगल ऐकणार होती.

“भाऊ, कान फुटतील लोकांचे,” पप्पू म्हणाला.

“फुटू दे बे. देवाच्या कामाला फुटले तर काय बिघडतंय?”

तानाजीचा धंदाच मुळी मंडप-स्पीकरचा. नारायणगडची जत्रा असो, कुणाची जयंती असो, लग्न असो नाहीतर तेरावं, भोंगा त्याचा. बोलणारा मात्र कायम दुसराच कुणीतरी. तानाजी आपला ‘हॅलो, हॅलो’ करायचा, माईक टिचकीनं तपासायचा आणि बाजूला व्हायचा. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यातून त्याचा स्वतःचा आवाज येत होता.

“बंधूंनो, मी तानाजी. तुमच्यातलाच एक. बारा वर्षं मी दारूच्या आहारी गेलो होतो. दारूच्या नशेत मी माझ्या बायकोचा हात मोडला. तोच मोडका हात आज माझ्यासाठी प्रार्थनेला जोडला जातो. प्रभूनं मला उचललं, तुम्हालाही उचलेल. या शनिवारी-रविवारी, मिशनच्या आवारात, पुरुषांच्या आध्यात्मिक नवीकरण मेळाव्याला या. जेवणाची सोय केली आहे.”

मंगल शेजारच्या वत्सलाबाईसोबत उंबऱ्यापाशी बसून तूर निवडत होती. ‘बायकोचा हात’ हे शब्द आले आणि रिक्षा नेमकी दारासमोर आली. वत्सलाबाईनं आधी रिक्षाकडे पाहिलं, मग मंगलच्या डाव्या मनगटाकडे. मंगलनं सूप उचललं. निवडलेली तूर आणि खडे पुन्हा एक झाले, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तानाजीला वाटलं, रडू आलं असेल. आनंदानं येतं की माणसाला.

आता हे सगळं सुरू कुठं झालं, तर गुरुवारच्या प्रार्थनासभेत. मिशनचे फादर वसईकडचे, तरुण, तळमळीचे. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बाया आत आणि बाप्ये बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत उभे, हे बघून बघून ते विटले होते. गेल्या साली पुरुषांचा मेळावा घेतला तर मंडप रिकामा आणि भाताची पातेली भरलेली. म्हणून या वेळी प्रचार जोरात करायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यातच प्रार्थनासभेत तानाजी उठला, बोलायला लागला आणि बोलता बोलता ढसाढसा रडला. दारू सोडून तीन वर्षं झाली होती, पण हात मोडल्याचं तो कुणापुढं कधी बोलला नव्हता. फादरांनी त्याला पोटाशी धरलं. म्हणाले, “उपदेशानं माणसं येत नाहीत, तानाजी. साक्षीनं येतात. हेच सांगा, गावोगाव सांगा.” जोडलेल्या हाताचं वाक्य तेवढं त्यांनी सुचवलं. बाकी शब्द तानाजीचे.

मंगलला विचारावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

भोंगा फिरवून त्या दिवशी तो घरी आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. भाकरी एका बाजूनं जाड, जशी नेहमीच असायची. डावं मनगट पुरतं वळत नसल्यानं मंगलच्या हातची भाकरी तशीच व्हायची.

“ऐकलंस का?” त्यानं विचारलं.

मंगलनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, शब्द एक नाही.

मंगलनं हाताचं काय सांगितलं होतं, ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. मोरीत शेवाळ धरलं होतं, पाय घसरला, हातावर पडले. दवाखान्यात तेच, माहेरी तेच, बचत गटातल्या बायांना तेच. तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणायचे, ऐकून इतके हळहळले की टमटममध्ये शहाबादी फरशी घालून स्वतः आले. दोन दिवस मोरीत गुडघ्यांवर बसून त्यांनी फरशी बसवली, पाय घसरू नये म्हणून छिन्नीनं टोचून खरबरीत केली. तानाजी त्यांना सिमेंट कालवून देत होता. नाना गेले ते हेच खरं मानून गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ मंगलनं त्या मोडक्या हातानं इतकी वर्षं आवळून धरली होती.

तिकडे मेळाव्याचा प्रचार मात्र वाऱ्यासारखा पसरला. कुणीतरी भोंग्यावरचा आवाज मोबाईलवर टाकला, तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. माजलगावहून फोन, अंबाजोगाईहून फोन. “भाऊ, डोळ्यात पाणी आलं.” “भाऊ, आमच्या गावचे पंधरा जण येतेत.” फाट्यावर फ्लेक्स लागला, त्यावर तानाजीचा फोटो, तोही फादरांच्या शेजारी. रविवारी मंचावर तो स्वतः साक्ष देणार, असं खाली ठळक छापलेलं. खोटं कशाला बोला, तानाजीला बरं वाटत होतं. इतकी वर्षं लोक त्याला बेवडा म्हणून ओळखायचे. आता हात मिळवायला पुढं यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो तारांचं भेंडोळं खांद्यावर घेऊन घरी आला, तेव्हा मंगल आत फोनवर बोलत होती. पलीकडे त्यांची लेक सुवार्ता होती, परळीला नुकतीच दिलेली. तिच्या सासूनं म्हणे सगळ्या घराला बसवून तो आवाज ऐकवला होता.

“अगं येडी का खुळी तू? मोरीत पडले होते मी. नाना फरशी घेऊन आलते, आठवत न्हाई का?” मंगल हसत होती. चार माणसांत हसावं तसं मोठ्यानं. “तसं बोलावं लागतंय गं. नुसतं या म्हणलं की येतेत का बाप्ये? जाहिरात असती ती. पेत होते, ते खरं हाय. पर तुझा बाप हात कशाला उचलंल माझ्यावर? सासूबाईला सांग, आईनं सांगितलंय म्हणून.”

तानाजी दारातच थबकला. भेंडोळं खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. मंगलनं फोन ठेवला, वळली, त्याला पाहिलं. हसू तिच्या तोंडावरून गेलं आणि ती चुलीकडे गेली.

वत्सलाबाईलाही मंगलनं हेच सांगितलं आणि मग गावभर व्हायला दुसऱ्या भोंग्याची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर गल्लीतल्या गहिनीनाथनं त्याला हाका मारून थांबवलं.

“काय तानाजीभाऊ, फसवलंत की आमाला! घरची मंडळी रडायली होती ऐकून. आन् वहिनी तर म्हणतेत, समदं बनवलेलं हाय.”

“बनवलेलं न्हाई.”

“आता ऱ्हाऊ द्या. लई भारी बोललात पर. नाटकात घालायला पाहिजे तुमाला.”

चार जण हसले. त्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच होतं. पण तानाजीच्या अंगाची लाही झाली. जन्मात एकदा खरं बोललो आणि तेच खोटं ठरलं! चहा तसाच टाकून तो घरी आला.

“मला खोटारडा केलंस तू,” तो म्हणाला. “देवापुढं बोललो होतो मी. कावून केलंस असं?”

मंगल भाकरी थापत होती. तिनं पिठाचा हात परातीत तसाच ठेवला.

“दोघातलं एक तर खोटं ठरणारच होतं,” ती म्हणाली. “नानांना शेवटपर्यंत मी मोरीत पडले म्हणून सांगितलं. त्यांच्या मातीला गेले तरी खरं सांगितलं न्हाई. कुणासाठी? तुमची लाज झाकली मी, तुमी ती चव्हाट्यावर नेली. बायांनी माझ्याकडं कसं बघितलं ते तुमी बघितलं न्हाई. तुमी रिक्षात होतात.”

“मी माझंच पाप सांगितलं, मंगल.”

“हात माझा होता.”

तानाजी तिथंच खाली बसला. तिनं पुन्हा थापायला घेतलं. त्या एका कडेला अडणाऱ्या मनगटाकडे तो पहिल्यांदाच इतका वेळ बघत होता, आणि त्याला फार वाईट वाटत होतं. फादरांनी पोटाशी धरलं तेव्हा वाटलं होतं तसं हे नव्हतं. तेव्हा रडून हलकं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी फादर मोटारसायकलवरून आले. दारात त्यांनी ‘जय येशू’ म्हटलं, खुर्चीवर बसले, हेल्मेट मांडीवर घेतलं.

“तानाजी, मी आडपडदा ठेवत नाही. लोक काहीतरी वेगळंच बोलतायत. रविवारी दोनशे माणसं तुमचं ऐकायला येणार आहेत. तुम्ही सांगितलं ते खरं आहे ना?”

मंगल चहा घेऊन आली. कप ठेवून ती आत गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं तानाजीकडे पाहिलं नाही. अंगणातल्या बादलीकडे बघत राहिली.

खरं आहे, असं म्हणणं किती सोपं होतं! फादरांनी विश्वास ठेवला असता. रविवारी मंच होता, माणसं होती, त्यांच्यापुढं पुन्हा एकदा रडता आलं असतं. आणि त्याच मंडपामागं स्वयंपाकाला बसलेल्या बायांमध्ये मंगल भाकरी थापत असती.

“न्हाई फादर,” तानाजी म्हणाला. “मोरीतच पडली होती ती. मी रंगवून बोललो. माणसं यावीत म्हणून.”

फादरांनी उचललेला कप खाली ठेवला.

“प्रार्थनासभेत तुम्ही रडला होतात.”

“हो.”

“तेही रंगवून?”

तानाजीनं खाली बघतच होकाराची मान हलवली. फादर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसून राहिले, आपल्या धाकट्या भावानं काहीतरी चोरून आणावं आणि ते आपल्याच घरात सापडावं तसे. मग उठले.

“रविवारी मग मंचावर येऊ नका. मी दुसरं कुणीतरी बघतो. फ्लेक्सही उतरवायला सांगतो.”

“माईक लावीन मी, फादर.”

“लावा.”

जाताना ते नेहमी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी हेल्मेट घातलं आणि गाडीला किक मारली.

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. मग मंगल पुढं आली आणि फादरांच्या खुर्चीवर बसली. आजवर ती कधी त्याच्यासमोर खुर्चीवर बसली नव्हती.

“बरं केलंत,” ती म्हणाली.

सगळ्यांना सांगून झालं होतं. जिला सांगायला हवं होतं ती आत्ता समोर होती.

“मंगल, त्या दिवशी मी...”

“एक बोलू का?” ती म्हणाली. “भोंग्यावर तुमी म्हणलात, दारूच्या नशेत.”

“हं.”

“नशेत न्हवता तुमी.”

त्यानं मान वर केली.

“ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. त्या साली चाळीस दिवस प्यायचं न्हाई, असा तुमी वेदीपुढं शब्द दिलता. आन् पाळलाबी. लई आनंद झालता मला. आमचे मालक सुधरले, म्हणून गल्लीत सांगत फिरले होते मी.” तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. “त्याच दिवसांत मोडला हात. घरात दारूचा थेंब न्हवता.”

असं कसं, असं तो म्हणणार होता. त्या दिवसाची आठवण आली की आधी त्याला दारूचा वास यायचा. प्रार्थनासभेत रडतानाही तोच वास आला होता. आता तो शोधायला गेला तर वास कुठंच सापडेना. सापडली ती सकाळ, अगदी लख्ख. चुलीवर त्याच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. सुवार्ता अंगणात एकटीच खेळत होती. तिनं बघू नये म्हणून त्यानं आधी दार लोटून घेतलं होतं, आतून कडी घातली होती, कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं होतं, आणि मग तो मंगलकडे वळला होता.