पैकीच्या पैकी

कात्रीबाई चिडल्या की शेजारच्या घरातलं दूध गॅस न पेटवता उतू जायचं. खोटं वाटत असेल तर शेजारणीला विचारा, तिचं सिलिंडर दुप्पट दिवस पुरायचं. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईंचा आजचा राग त्याच्याही वरचा होता.

बाई गणवेशांच्या कारखान्यात कटर. कापडाची थप्पी लावायची, वर बाहीचा पुठ्ठा ठेवून आखायचं आणि विजेचं पातं फिरवायचं. डावी बाही निघाली की पुठ्ठा पालथा करायचा, मग उजवी निघते. हे बाई झोपेतसुद्धा करत. पण परवा पुठ्ठा पालथा करायचा राहिला आणि अख्ख्या शाळेच्या शर्टांना दोन्ही बाह्या डाव्याच झाल्या. दोन डाव्या हातांची एवढी पोरं कुठल्या शाळेत असतात? असलीच, तर पुढे मोठी होऊन साहेब होतात.

मालक म्हणाला, "वय झालं, बाई." जावई म्हणाला, "विचार फार करता." इथले डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." बाईंना कळत होतं, हे वय नव्हे. पातं गरगरत असताना हातात काय आहे हेच त्या विसरायला लागल्या होत्या. पुढच्या वेळी बाही नाही, बोटं जाणार. एचआयव्हीच्या गोळ्या त्या वर्षानुवर्षं न चुकता घेत होत्या, आणि हा आजार आठवणीलाही धरतो, वेळेत कळलं तर इलाज करता येतो, हे याच दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पण मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी हवी तर आधी इथल्या आठवणीच्या चाचणीत नापास व्हावं लागे.

"वहिनी, तोंड जरा हसरं ठेव," सोबत आलेली नणंद म्हणाली. "त्यांना वाटेल भांडायला आलीस."

"भांडायलाच आलेय, वन्सं. तुमच्या भावानं मला घातलेला हा एकच दागिना. मोडता येत नाही, गहाण टाकता येत नाही. निदान सांभाळू तरी द्या."

भावाचा विषय निघाला की नणंद पिशवीतले कागद नीट लावायला घ्यायची.

बाकावरचे जुने पेशंट, सगळ्यांचे मामा, सरकत जवळ आले. "शब्द पाठ आहेत ना? म्हणा: बगळा, नांगर, चुना, शिडी, लोकर!" साऱ्या बाकानं मांडीवर ठेका धरला. चाचणीत दरवेळी तेच पाच शब्द विचारत, आणि बाक नव्या माणसाकडून ते आधी घोटून घेई. कारणही तसंच होतं. मागे एक पहारेकरी नापास झाला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं "डोक्यावर परिणाम झालेला कोण?" असं ओरडून त्याला बोलावलं होतं. त्याची नोकरी गेली, घरच्यांनी ताट वेगळं केलं. तेव्हापासून बाक कुणाला नापास होऊ देत नव्हता.

आज एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरवून बाई नणंदेला घेऊन आत गेल्या. समुपदेशक मुलीनं शब्द सांगितले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मग विचारलं, "काकू, ते शब्द कुठले होते?"

बाईंचं तोंड बाईंच्या आधी धावलं. "बगळा, नांगर, चुना, शिडी, लोकर!"

"वा! पैकीच्या पैकी! तुम्हाला काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही?" टेबलावर अशी थाप पडली की भिंतीवरचं बंद घड्याळ चालू झालं. "पोरी, हे शब्द मी सरणावरसुद्धा म्हणेन! दुसरे विचार!"

"कागदावर हेच आहेत, काकू."

गलका ऐकून डॉक्टर आले. "बाई, आपल्या केंद्रात वर्षभरात एकही नापास नाही. चांगली गोष्ट आहे ही."

बाईंनी दार सताड उघडलं. "मामा, बगळा!"

"नांगर, चुना, शिडी, लोकर!" बाक गरजला. झाडूवाल्यानं ठेका दिला आणि खिडकीतला कारकूनही गुणगुणला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. मामा दारात आले. "घर फिरलं की वासेही फिरतात, तशी तूही फिरलीस? उद्या त्या पहारेकऱ्यासारखं आम्हाला ओरडून बोलावतील."

"मग त्या ओरडणाऱ्याचं तोंड बंद करा ना, मामा! माझं कशाला करता? तुमच्या मायेपायी माझी बोटं जातील!"

मामा मागे फिरून बाकावर जाऊन बसले.

डॉक्टरांनी दार लावलं, खुर्ची ओढली आणि मनचेच पाच शब्द सांगितले. मग इकडचं तिकडचं विचारलं, उलटे आकडे म्हणवले आणि म्हणाले, "आता ते शब्द सांगा."

"कुलूप," बाई म्हणाल्या. "ससा." मग थांबल्या. आज हेच हवं होतं त्यांना, तरी छातीत धस्स झालं. बगळा जिभेवर येऊन बसला, त्यांनी त्याला हाकललं. त्या जागेवर दुसरं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी पेन उघडलं. "चिठ्ठी देतो. ती तुमच्याच हातात मिळेल, नाव कुणी पुकारणार नाही."

नणंदेला बाईंचं ते अडणं बघवेना. ती पुढे वाकून विसरलेला शब्द कुजबुजली, "वहिनी, मडकं... मड..."

"गप्प बसा, वन्सं!" बाई कडाडल्या. डोळे भरले होते, आवाज मात्र पात्यासारखा होता. "आयुष्यात पहिल्यांदा खरी नापास होतेय मी. मधे बोलायचं नाही!"