कायामोच्या झाडांची कॉफी

झेनेबेचने सुनेने आणलेली पिशवी सुपात उलटी केली आणि कॉफीचे दाणे निवडायला घेतले. एका दाण्यावरून बोट फिरलं आणि थांबलं. दाणा टपोरा होता, पण हलका, आणि मधली चीर सैल उघडलेली.

"निवडतेयस की त्यांच्याशी गप्पा मारतेयस?" शेजारीण आस्तेर म्हणाली. "चूल वाट बघतेय, बाई."

"माझ्या लेकाच्या हातची आहे. घाई करू नकोस."

मुलुनेश दाराशी अंग चोरून बसली होती. नवरा, कायामो, वारल्यावर ती पहिल्यांदाच सासूच्या दारात आली होती. सोबत ही पिशवी, कायामोच्या झाडांचं पहिलं पीक. कॉफीवर सावली धरणारं झाड छाटताना फांदी मोडली आणि तो पडला, एवढंच तिने सांगितलं होतं.

टेकडीवरची जमीन दोघा भावांना पुरेना, म्हणून कायामो घर सोडून निघाला, तेव्हा आईच्याच झाडांचं बी त्याने फडक्यात बांधून नेलं होतं. झेनेबेचने त्याला आपल्या गळ्याची शपथ घातली होती, की जिथे थंड हवेतली, केळीसारखी एन्सेटची झाडं तग धरत नाहीत तिथे राहायचं नाही. खालच्या उष्ण मुलखात मजुरीला गेलेला त्याचा बाप तापानेच गेला होता. कायामोने शपथ घेतली. पुढे येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्याचा निरोप यायचा, "आई, इथेही आपल्यासारखंच धुकं येतं. रात्री दोन-दोन घोंगड्या लागतात." ते ऐकून म्हातारी निर्धास्त झोपायची.

तव्यावर दाणे पडले आणि बघता बघता काळपट झाले. तिचे स्वतःचे दाणे असे कधी वागत नसत; ते चांगला वेळ घ्यायचे. तिने तवा फिरवून धूर आधी आस्तेरपुढे धरला, मग सुनेपुढे. त्यात नेहमीचा फुलांचा वास नव्हता. आस्तेरने नाक पुढे केलं आणि पुन्हा एकदा हुंगलं.

मातीच्या सुरईतून, जबेनातून, पहिली कॉफी ओतली गेली. झेनेबेचने घोट घेतला. ओलं लाकूड चावावं तशी चव. वर थंडीत फळ रेंगाळत रेंगाळत पिकतं, म्हणून ती लिंबासारखी धार जिभेवर येते. हे फळ उन्हाने घाईघाईने पिकवलं होतं. बी तिचंच होतं, पण माती आणि हवा तिच्या टेकडीची नव्हती. तरी तिने कप खाली ठेवला नाही.

"काय गं, आपल्यासारखीच आहे का?" आस्तेरने विचारलं. आस्तेरला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या टेकडीला कळायची.

"आपल्यासारखीच. भाजणी जरा चुकली माझी. हात म्हातारा झाला आता."

आस्तेरने तिच्याकडे पाहिलं. झेनेबेचची भाजणी चुकलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

"हो, भाजणीच चुकली," ती म्हणाली.

दुसरा कप झाल्यावर आस्तेर उठली. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. "मेंढ्या बाहेर राहिल्यात," असं पुटपुटत ती निघून गेली.

झेनेबेचने उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घातलं.

"ताप किती दिवस होता त्याला?"

मुलुनेशने हातातला कप खाली ठेवला.

"आई, ते झाडावरून..."

"पोरी, माझ्या झाडांचं बी आहे ते. मला नको शिकवूस."

मुलुनेशला हुंदका फुटला. "वर कुठेच जमीन मिळाली नाही, आई. आपण खाली राहतो हे आईला कळलं तर ती काळजीने रोज मरेल, म्हणाले. मलाच शपथ घातली त्यांनी."

"लबाड कुठला!" म्हातारी म्हणाली. पदराने तिने तोंड दाबून धरलं. मग पदर बाजूला करून तिने विचारलं, "शेवटी शुद्धीत होता का? काही बोलला?"

"बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि ते थरथर कापत होते. घोंगडी मागत होते. एक घातली तर अजून एक. म्हणत होते, आईला सांग, धुकं आलंय."

जबेनात कॉफी उकळून वर आली. झेनेबेचने तिसरा कप सुनेच्या हातात दिला. मग स्वतःचा भरला आणि गाळासकट पिऊन टाकला.