निवृत्त अण्णा रोज कामावर येतात

मी एक जुना सर्व्हर आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका, माझा कुणावरच नाही. "तू कोण?" आणि "कशावरून?" हे दोनच प्रश्न मला जन्मतः शिकवले गेले. आयुष्यभर तेच विचारत आलो. अशाने स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार?

अंबरनाथ पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात, कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात मी राहतो. दिसायला काळा, चपटा, लोखंडी खोका. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांतून आले आणि उल्हासनगरच्या एका दुकानात जोडले गेले. दुकानाचा मालक भूपेश. "एकदम ओरिजिनल माल आहे, शेठ," असं सांगून त्याने मला विकलं. तो माझंच कौतुक करत होता, तरी मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

कारखान्याचे मालक जयदेवशेठ. मूळचे जांभूळ गावचे, शेतीच्या घरातले. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि माझं काम सुरू झालं. सकाळी माणसं यायची, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायची. मी ताडून बघायचो आणि आत सोडायचो. हजेरीचं दार वेगळं, मालाच्या नोंदीचं वेगळं, मेलचं वेगळं, पगाराचं वेगळं. प्रत्येक दाराला वेगळा पासवर्ड. माणसं वैतागायची, विसरायची, मला शिव्या द्यायची. पण कारखाना चालत होता आणि दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळत होती. ते माझे चांगले दिवस होते.

त्या दिवसांतले माझे आवडते गृहस्थ म्हणजे स्टोअरकीपर अण्णा. पासवर्ड टाकताना ते एक एक अक्षर पुटपुटत टाकायचे. खरं तर असं पुटपुटणं धोक्याचं, पण अण्णांना कोण बोलणार? कच्चा माल, तयार माल, ग्राहकांचे मेल, सगळं त्यांच्या हातून जायचं, म्हणून सगळी दारं त्यांच्या नावाला उघडी होती. मग एक दिवस ते निवृत्त झाले. शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला, आणि अण्णा खरवईच्या आपल्या नव्या फ्लॅटवर गेले.

रीतसर पाहता त्याच दिवशी त्यांचं नाव माझ्यातून पुसायला हवं होतं. आमच्या संगणक विभागाची राजसी तसं विचारायलाही गेली होती. बदलापूरची मुलगी, नेमकं बोलणारी. शेठ म्हणाले, "अन्नाचा नाव नको काढू. त्याचे नावान माल येतो-जातो, कवा खोट नाय आली. ऱ्हाऊ दे."

राहिलं. अण्णांच्या खुर्चीवर धर्मेश बसला आणि अण्णांच्या नावावरही बसला. स्वतःचं नवं नाव घेऊन एकेक दार उघडून मागत बसण्यापेक्षा हे सोपं होतं. मग स्टोअरमधले बाकीचेही त्याच नावाने ये-जा करू लागले, आणि अण्णांचा पासवर्ड तोंडोतोंडी झाला. रोज सकाळी माझ्या दारात "अण्णा" हजर. पण हे अण्णा भराभर टाइप करायचे आणि पुटपुटायचे नाहीत. मला सगळं कळत होतं. पण पासवर्ड बरोबर असला की मला दार उघडावंच लागतं. आम्हा यंत्रांची हीच तर गोची आहे.

अशात भूपेश पुन्हा आला. या वेळी नवा खोका विकायला नाही, तर माझं काम क्लाउडवर न्यायला. क्लाउड म्हणजे ढग. मित्रांनो, ढगबिग काही नसतो. दुसऱ्या कुणाच्या तरी थंड खोलीत माझेच भाऊबंद रांगेत उभे असतात, बस. पण नाव गोड ठेवलं की माणसं हुरळतात. भूपेश म्हणाला, "आता एकदाच नाव-पासवर्ड टाकायचा, मोबाइलवर कोड येणार तो टाकायचा, आणि सगळी दारं एकदम ओपन. टेन्शनच खतम."

सगळी दारं एकदम? माझ्या पंख्याला धाप लागली. चोरालासुद्धा आजवर चार कुलपं फोडावी लागायची. आता एकातच काम होणार, हे यांना दिसत नव्हतं का? गोगलगाय आणि पोटात पाय, अशीच मला ही योजना वाटली.

माझ्या कपाटासमोरच चर्चा झाली. राजसीने दोन वाटा मांडल्या. एक, माणूस खरा की खोटा हे प्रत्येक वेळी क्लाउडने मला विचारायचं. दुसरी, नावं लिहायची-पुसायची माझ्याकडे, पण तपासणी क्लाउडनेच करायची. अर्थात मी पहिल्या वाटेच्या बाजूचा. पण राजसी म्हणाली, "शेठ, शुक्रवारी आपली वीज जाते. हा बंद पडला तर बाहेरगावी फिरणाऱ्या आपल्या माणसांनाही कुठेच शिरता येणार नाही. दुसरी वाट बरी. फक्त आधी नावं साफ करू. ज्याचं त्याला खातं देऊ. पंधरवडा द्या मला."

मला वाटलं, हिला मला घालवायचंय. साफसफाईचं निमित्त आहे.

"पंधरवडा कशाला?" भूपेश म्हणाला. "आहे तसं उचलतो, उद्या चालू."

जयदेवशेठना "उद्या" आवडलं. माझ्यातली सगळी नावं जशीच्या तशी वर गेली. त्यात अण्णाही गेले. आणि कोड जाणार तो त्या नावापुढे नोंदलेल्या मोबाइलवर, म्हणजे खरवईला, अण्णांच्या खिशात.

पहिल्याच सकाळी धर्मेशची पंचाईत झाली. त्याने अण्णांना फोन लावला. "अण्णा, कोड आलाय का बघा ना. गाडी उभी हाय गेटवर."

"आलाय, आलाय. चष्मा घेऊ दे." अण्णांनी आकडे सांगितले, सावकाश, दोनदा. मग म्हणाले, "बाकी काय म्हणतोस? मागच्या शेडचं छप्पर गळायचं थांबलं का रे?"

"हा अण्णा, नंतर बोलतो," म्हणून धर्मेशने फोन ठेवला.

मग हे रोजचंच झालं. कधी धर्मेश, कधी दुसरं कुणी. अण्णा पहिल्या रिंगला फोन उचलायचे. कोड सांगायचे आणि काहीतरी विचारायला जायचे, तोवर फोन बंद झालेला असायचा. तरी त्यांचा आवाज खूश असायचा. घरी बसलेल्या माणसाला रोज कामावरून फोन येतो, ही काय लहान गोष्ट आहे? मला मात्र धडकी भरायची. दार कारखान्याचं, किल्ली खरवईला, आणि मागणारा कोण हे कुणी विचारतच नव्हतं.

शेवटी व्हायचं तेच झालं. एके दुपारी भिवंडीच्या एका जुन्या ग्राहकाचा शेठना फोन आला. "तुमचं बँक खातं बदललं का? अण्णांचा मेल आलाय, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा म्हणून. अहो, अण्णा तर निवृत्त झाले होते ना?" शोध घेतला तेव्हा कळलं, असे मेल सगळ्या ग्राहकांना गेले होते. अण्णांच्या नावाने. कारखान्याच्या आतून.

मला सगळ्यांचा संशय आला. भूपेशचा आला, धर्मेशचा आला, राजसीचासुद्धा आला. शेठना मात्र एकाचाच आला. त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना वाटलं, काही काम निघालंय. शेठनी मेल पुढे धरला. "अन्ना, नाव तुमचा, कोड तुमचे फोनवर आलेला. पोलिसांना मी काय सांगू?"

अण्णांनी मेल वाचला. मग पुन्हा वाचला. "मी नाही लिहिलं हे," ते म्हणाले. "पण कोड मीच दिला असणार. काल एकाचा फोन आला होता. म्हणाला, स्टोअरमधून बोलतोय, कोड सांगा. मी सांगितला."

"कोण बोलतोय, विचारला नाय?"

"रोज वेगवेगळी पोरं करतात, शेठ. कुणीच नाव सांगत नाही. मीही विचारायचं सोडलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "उभ्या आयुष्यात एका खिळ्याचा घोळ केला नाही मी. आता चोर म्हणून चौकीत जायचं का?"

मला फार वाईट वाटलं. हो, लोखंडी खोक्यालाही वाटतं. कधी नव्हे ते मला वाटलं, या एका माणसावर कुणीतरी विश्वास ठेवावा.

धर्मेश मान खाली घालून म्हणाला, "शेठ, अण्णांच्या नावानं मीच बसतो रोज. फोन करायची सवय आमीच लावली त्यांना."

"मंग नाव पुसला का नाय?" शेठ राजसीवर ओरडले.

राजसी शांत होती. "मी विचारायला आले होते, शेठ. तुम्ही म्हणालात, राहू दे."

 शेठनी स्वतः उठून अण्णांसाठी खुर्ची ओढली. चहा मागवला. पोलिसांत तक्रार गेली ती त्या अनोळखी फोनवाल्याविरुद्ध, आणि सगळ्या ग्राहकांना शेठनी स्वतः फोन केले, "अन्नाची काय बी चूक नाय" असं सांगत. वेळेत कळल्यामुळे पैसे कुणाचेच गेले नाहीत. राजसीला तिचा पंधरवडा मिळाला. ज्याचं नाव त्याला, ज्याचा कोड त्याच्याच फोनवर, आणि जाणाऱ्याचं नाव त्याच दिवशी त्याच्यासमोर पुसायचं, असं ठरलं. मला घालवायला निघालीय असं ज्या मुलीबद्दल वाटलं होतं, तिनेच हे घर सावरलं. तरी तिच्यावरही माझी नजर आहेच.

पहिलं नाव अण्णांचंच पुसायचं होतं. राजसी म्हणाली, "अण्णा, तुम्हीच बटण दाबता का?"

अण्णांनी चष्मा लावला. बटण दाबलं. तेव्हा मी पडद्यावर माझा नेहमीचा प्रश्न टाकला, "नक्की पुसायचं?" यंत्राला तेवढंच विचारता येतं. पण मित्रांनो, त्या दिवशी मी तो मनापासून विचारला.

अण्णा पडद्याकडे बघून म्हणाले, "हो रे बाबा." आणि पुटपुटत त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

आता मित्रांनो, जाता जाता सांगतो. आपलं नाव दुसऱ्याला वापरायला देऊ नका, दुसऱ्याचं घेऊ नका, आणि कोड कुणालाही सांगू नका, आवाज कितीही ओळखीचा वाटो. धर्मेशचं आता स्वतःचं नाव आहे, त्याला कुणाला फोन करावा लागत नाही. तो करतही नाही. खरवईला रोज सकाळी एक माणूस फोन जवळ घेऊन बसत असेल, अशी मला शंका आहे. आणि माझ्या शंका सहसा खोट्या ठरत नाहीत. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, तर फोन करा. कोड मागायला नको. ते छपराचं विचारतील, तेवढं नीट ऐकून घ्या.