गळक्या झारीची घालमेल

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझी जागा गॅलरीतल्या नळाखाली, पण हल्ली तिथे स्वस्थ बसणं मला जमत नाही. पावलं वाजली की मी दचकते. पूर्वी मी अशी नव्हते. त्या लिंबाच्या रोपामुळे झाले.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून-ठाकून घडवलं आणि या घरच्या बाईंनी मला विकत आणलं. बाईंनी हौसेने मला हिरवा रंग दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, "या झारीचा हात फार हलका आहे हो, माती जराही उडत नाही." मी फुगून जायचे. मध्ये एक वर्ष रबरी नळी आली आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. नळीने दोन रोपं मुळासकट उखडली, तेव्हा माझी आठवण झाली!

बाईंनी पिळलेल्या लिंबाची बी कुंडीत टोचली होती. पाच वर्षं नुसती पानं. सहाव्या वर्षी इवल्याशा कळ्या दिसल्या आणि नेमकं तेव्हाच त्यांना मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने परगावी जावं लागलं.

जाताना त्यांनी काय करावं? नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, लिंबाला पाणी तुम्हीच घाला. त्या दोघांच्या भरवशावर राहू नका." मग मुलाला एकट्याला गाठून तेच सांगितलं. मग सुनेला. मी तिथेच होते, तिन्ही वेळा ऐकलं.

नवरा निवृत्त घड्याळजी. तो सकाळी चहा झाला की पाणी घाली. मुलगा बस चालवतो. तो दुपारी घरी येई तेव्हा वडील झोपलेले असत, मग तोही मला उचली. सून दवाखान्यात नर्स. ती संध्याकाळी येई तेव्हा सासरे फिरायला गेलेले असत. झालं, तिसरी झारी! बाई प्रत्येकाला वेगळा फोन करत आणि प्रत्येक जण छाती पुढे काढून सांगे, "मी रोज घालतो ना!"

आठवड्याभरात पानं पिवळी पडली. घड्याळजींना वाटलं, ऊन फार आहे. त्यांनी दोन झाऱ्या घातल्या. सुनेला वाटलं, आपलंच पाणी कमी पडतंय. कळ्या गळू लागल्या. मित्रांनो, त्या रोपाचा जीव माझ्याच हातून जात होता आणि मला ओरडता येत नव्हतं. तोटीतून फक्त पाणीच यायचं. मी आतल्या आत नुसती तडफडत होते.

माझं बूड कधीपासून गंजत होतं. एका रविवारी दुपारी मुलाने मला अर्धी भरलेली ठेवली आणि बुडाला भोक पडलं. मुद्दाम केलं म्हणाल तर नाही, पण वाईटही वाटलं नाही. झोपून उठलेल्या घड्याळजींचा पाय ओल्यात पडला. ते थबकले.

"सकाळी मी ही रिकामी ठेवली होती. आता पाणी कुठून आलं?"

"मी घातलं, बाबा," मुलगा आतून म्हणाला. "आईने मला सांगितलंय."

"तुला? अरे, तिने मला सांगितलंय!"

सुट्टीमुळे सून घरीच होती. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि हळूच म्हणाली, "मला पण."

मग घड्याळजी खाली बसले. त्यांनी कुंडी उलटी करून रोप बाहेर काढलं. मुळं काळी पडली होती, वास येत होता. आयुष्यभर घड्याळाच्या बारीक चाकांवर चालवलेल्या हाताने त्यांनी एकेक मूळ सोडवलं. सडलेली मुळं कापून त्यांनी रोप कोरड्या मातीत लावलं आणि कोणीही त्याला हात लावायचा नाही, असं बजावलं.

बाई परत आल्या तेव्हा रोपाच्या उरलेल्या काडीवर पाच पानं होती. कळी एकही नव्हती. मुलाने सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे तिघांनीही माझं ऐकलं," बाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "चूक माझीच. एकावर तरी विश्वास ठेवायला हवा होता."

घड्याळजी माझं भोक बुजवायला निघाले. बाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या ते. या घरात वेळेवर खरं बोललेली ती एकटीच आहे."

आता बाई मातीत बोट घालून बघतात, मगच मला उचलतात आणि माझं बूड तळहाताने झाकून नेतात. सहावं पान परवा फुटलं. तरी पावलं वाजली की मी मोजते: एकाची की दोघांची? मित्रांनो, तुमचं प्रेम मला ठाऊक आहे, म्हणूनच तर धास्ती वाटते. पाणी घालण्याआधी एकदा मातीला विचारा आणि एकदा घरातल्यांना. प्रत्येक झारी वेळेवर गळेलच असं नाही.