पहाडातलं झाड

श्रावण फौजेतून सुटीवर आला, तेव्हा ट्रंकेत ओल्या फडक्यात गुंडाळून त्यानं पहाडातल्या चिडाचं, म्हणजे पाइनचं, रोप आणलं. पुढल्या वर्षी, बासष्टच्या दिवाळीनंतर, चीनच्या सरहद्दीवरच्या पहाडात तो गेल्याची तार आली. देह काही आला नाही. भागीरथाबाईजवळ धाकट्या लेकाचं म्हणावं असं ते झाडच उरलं. ती धड जेवायची नाही, बोलायची नाही. बोललीच तर झाडाशी.

थोरला धर्मपाल अकोल्याच्या एका बागेत माळी होता. झाड गेलं तर मायही जाईल, या भीतीनं त्याच्या मनात घर केलं. बागेच्या साहेबानं त्याला जपानी बोन्सायची चित्रं दाखवली होती. झाड लहान ठेवलं तर उन्हाळ्यात उचलून सावलीत नेता येईल, एवढंच त्यानं त्यातून घेतलं. थंडीत पातूरला घरी येऊन त्यानं अंगठ्याएवढ्या खोडाला तांब्याची तार गुंडाळली, फांद्या हलक्या हातानं खाली वाकवल्या, दाटलेली सुयांसारखी पानं खुडली. माय तोंड फिरवून बसली. तिला चिनी मातीची फुलाफुलांची कुंडी हवी होती. असल्या खरबरीत झाडाला नटवी कुंडी शोभत नाही म्हणत त्यानं कुंभाराकडून पसरट, बिनरंगाची, बुडाला भोकं असलेली कुंडी भाजून घेतली. आत निव्वळ मुरूम आणि वाळू भरली.

झाडानं नवे कोंब काढले. माय पोटभर भाकर खाऊ लागली.

पण नुसत्या मुरमावर लेकराचं पोट कसं भरेल, हे तिच्या मनातून जाईना. श्रावणच्या पगारातून घेतलेल्या वावरातली माती कशी काळीभोर, कपाशीची पऱ्हाटी छातीला लागावी अशी! एक दिवस तिनं मुरूम काढून टाकला, ती माती दाबून भरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. धर्मपाल आला तोवर सुया तांबूस पडल्या होत्या. त्यानं माती उकरली. चिखलात मुळं सडून गेली होती. कुंडी उचलून आपटावी इतका संताप त्याला आला. मग मायच्या नखांतली काळी माती त्याला दिसली.

“माह्या हातून काई चुकलं का रे?” तिनं विचारलं.

“नाई, माय. पहाडातलं झाड हाये ते. इकडं जगतच नाई.”

तिनं नखांतली माती पदराला पुसली.

“मंग इकडचं पोरगं तिकडं जगीन, असं काहून वाटलं तुले?”

भरतीच्या रांगेत श्रावणला धर्मपालनंच नेऊन उभं केलं होतं. तिनं ते आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.