मला वगळून पाठवलेली धून

मी अण्णासाहेबांचा बेंजो. वरातीपुढं हातगाडीवर बसून कर्ण्यातून ओरडणारा, तोच. तुम्ही मला कितीतरी वेळा ऐकलं असेल, पण माझ्याकडं वळून कुणी पाहत नाही. सगळे नाचणाऱ्यांकडं पाहतात. म्हणून आज जरा माझंही ऐका, मनात फार साचलंय.

माझा जन्म जालन्यातलाच, मस्तगडच्या एका सुताराच्या दुकानातला. लांबट सागाची पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं तार छेडायची, झालं. अण्णासाहेब तेव्हा एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला होते. त्यांनी दोन बटणं दाबून पाहिली आणि सुताराला म्हणाले, "हा रडतो बराबर." मला रागच आला. पुढं कळलं, यापेक्षा मोठी तारीफ त्यांच्याकडं नाही.

वीस वर्षं आम्ही दोघांनी वराती केल्या, चौदा एप्रिलच्या मिरवणुका केल्या. आमच्या बेंजो पार्टीतला नवा वाजवणारा चुकला तर अण्णासाहेब त्याला कधी "चुकलास" म्हणाले नाहीत. तीच ओळ ते जरा मोठ्यानं बराबर वाजवून दाखवायचे. त्यानं ती उचलायची आणि पुढं चालायचं. ज्याच्याकडून उचलली त्याचं नाव निघालं, की कानाच्या पाळीला हात लावायचा. पार्टीत बाकी कशाची शिस्त नव्हती, पण एवढं सगळे पाळायचे.

मग डीजे आले. आमची पार्टी मोडली आणि मी रेक्झिनच्या पिशवीत कपाटावर गेलो. चार वर्षं तिथं एक जुनी गादी, कूलरचा मोडका पंखा आणि मी, असा आमचा संसार होता.

मला खाली काढलं ते संध्यानं, अण्णासाहेबांच्या मुलीनं. ती बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासते. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठवड्यानं उघडून किती उगवले ते लिहायचं. त्र्याण्णव तर त्र्याण्णव. त्यामुळं तोंडदेखलं "छान, छान" म्हणणं तिला जमत नाही. तिला मोबाईलवरच्या गेमचं वेड, पण खेळण्यापेक्षा मागं वाजणाऱ्या संगीताचं जास्त. एका गेममध्ये एक लाल होडी धुक्यातून जाते. त्याची धून तिनं माझ्यावर बसवायला घेतली. इतकं हळू वाजायची मला सवयच नव्हती. पुढं नाच नाही, फटाके नाहीत. एक सूर लावला की तो विरेपर्यंत मला ऐकू यायचा. या वयात मला माझाच आवाज नव्यानं कळला.

तिच्यासारख्या हौशी लोकांचा मोबाईलवर एक गट होता. गेमचं संगीत आपापल्या परीनं बसवायचं आणि गटात टाकायचं. ज्याची पाळी असेल त्यानं ते नीट ऐकून अभिप्राय द्यायचा. आधी काय जमलं ते, मग काय राहिलं ते. वर्षातून एकदा गट दहा रचना निवडून एकत्र प्रसिद्ध करायचा. "अण्णाचा बेंजो त्या दहात वाजला पाहिजे," असं संध्या आईला म्हणाली. ते ऐकलं आणि कपाटावरची चार वर्षं मी त्या घराला माफ करून टाकली.

अभिप्राय म्हणजे काय, ते मी त्या गटात पाहिलं. बहुतेक जण अंगठा पाठवून मोकळे. काही तर चार मिनिटांच्या रचनेला दुसऱ्याच मिनिटाला "अप्रतिम" लिहायचे. संध्याचं तसं नव्हतं. ती चारदा ऐकायची, माझ्यावर वाजवून बघायची, धून कुठं अडखळते ते शोधायची. आणि रीत बापाचीच. चूक लिहायची नाही. ती ओळ माझ्यावर बराबर वाजवायची, रेकॉर्ड करायची आणि पाठवून द्यायची.

सगळ्यात जास्त ओळी गेल्या त्या मिथुनला. हा शहागडचा. हायवेवर भावाच्या टायरच्या दुकानात बसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर संगीत जोडायचा. तोही लाल होडीच बसवत होता. "ताई, तुम्ही खरं सांगता," तो म्हणायचा, "बाकीचे नुसते खुश करून राह्यले." संध्या त्याला ओळीमागून ओळ पाठवत गेली. मीही जीव ओतून वाजलो. हे परक्याचं काम आहे, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

तारीख जवळ आली. संध्यानं तिची धून पूर्ण केली, मध्यभागी मी. गटात टाकायच्या आधी तिनं ती मिथुनला पाठवली. त्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या मांडीवरच होतो.

"ताई, खरं सांगू का? राग न्हाई ना येणार?"

"सांग की. त्याच्यासाठीच तर पाठवली."

"बाकी सगळं एक नंबर. पण तो बेंजो काढा. वरात आल्यावाणी वाटतंय. होडी कुठं, वरात कुठं! मोबाईलमधला पियानो टाका."

"बिलकुलच शोभत न्हाई का?"

"बिलकुल न्हाई, ताई."

मला वाटलं, आता ही त्याला चार शब्द सुनावेल. तिनं फोन ठेवला. वर्षभर दुसऱ्यांच्या उणिवा दाखवल्या, आता आपल्यावर आल्यावर तोंड कसं वाकडं करायचं, असा तिचा हिशेब असणार. तो मला कळत होता. कळूनही दुखायचं ते दुखलंच. तिनं मला मांडीवरून खाली ठेवलं. मोबाईलवर बोट फिरवून माझी एकेक ओळ पुसली आणि तिथं पियानो टाकला. मोबाईलमध्ये जागा होत नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसलं.

अण्णासाहेब दारात चप्पल घालत होते. पियानोची धून ऐकून थांबले. "बेंजो कुठं गेला गं?"

"काढला, अण्णा. मिथुन म्हणतो, शोभत नव्हता."

"बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. इतक्या वर्षांच्या सोबतीला एवढा एकच शब्द.

मला वगळलेली ती धून गटात गेली. दोन अंगठे आले आणि एक "चांगला प्रयत्न".

शेवटच्या तारखेला मिथुनची लाल होडी आली. अभिप्रायाची पाळी नेमकी संध्याची होती. रविवारची दुपार होती. पंखा बंद करून बापलेक ऐकायला बसले. आधी पाण्याचा आवाज आला आणि मग मी आलो.

मीच. संध्यानं दुरुस्तीसाठी पाठवलेल्या ओळी त्यानं एकापुढं एक जोडल्या होत्या. खाली लोकांनी लिहिलं होतं, "काय आवाज आहे!" "हे वाद्य कोणतं?" आणि मिथुनचं उत्तर होतं, "आमच्या घरातलं जुनं वाद्य आहे." आमच्या घरातलं! शहागडला मी फक्त वरातीत गेलोय.

होडी धुक्यात शिरते तिथं मागून बारीक हाक आली, "संध्ये, पाणी आलं गं, हंडे लाव!" बेबीनंदाबाईंचा, संध्याच्या आईचा आवाज. बारा दिवसांनी नळ आला होता, त्या दिवशीचं ते रेकॉर्डिंग. एका शहाण्यानं लिहिलं होतं, "मागची बाईची हाक फार सुंदर वापरलीय." त्याला मिथुननं हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

संध्यानं फोन लावला. ओळी कुणाच्या, असं सरळ विचारलं.

"ताई, तुम्हीच तर पाठवल्या ओळी," तो म्हणाला. "दिलेल्याच घेतल्या ना? चोरायला गेल्तो का मी तुमच्या घरी?"

अण्णासाहेबांनी फोन घेतला.

"बाबा, दाखवलेली ओळ उचलायचीच असती. आमी बी उचलल्या. पण कानाला हात लावायचा असतो. आन माझ्या पोरीला बेंजो काढ म्हणलास, ते कशापायी?"

तिकडून फोन बंद झाला.

मग संध्यानं नियमाप्रमाणे अभिप्राय लिहिला. "काय जमलं: बेंजो. काय राहिलं: वाजवणारीचं नाव. होडी धुक्यात शिरते तिथं हाक मारणारी बाई माझी आई आहे. त्या दिवशी आमच्याकडं पाणी आलं होतं." संध्याकाळी मिथुननं आपली धून काढून घेतली आणि गट सोडला. दहांच्या यादीत तो नव्हता आणि संध्याही नव्हती.

यादी आली त्या दिवशी ती अण्णासाहेबांपुढं ढसाढसा रडली. "अण्णा, चुकले मी. तुमचा बेंजो काढायला नको व्हता."

"जाऊ दे. मंग काय झालं? पुन्हा वाजव," ते म्हणाले. लगेच माफ केलं. बाप आहेत ते.

मला कुणी विचारलं नाही. आता मी कपाटावर नसतो, तिच्या टेबलावर असतो. तिनं मला नव्या तारा घातल्यात, रोज पुसते, नवी धून बसवतेय. मी वाजतो, कुचराई करत नाही. पण संध्या, मनातलं सांगतो. मिथुनचा मला राग आहेच. तरी लबाडी करताना का होईना, मी चांगला वाजतो हे त्याला त्याच्या कानांनी कळलं होतं. तू मला काढलंस ते मिथुनच्या सांगण्यावरून, आणि जवळ घेतलंस ते गटातल्या लोकांनी वाखाणल्यावर. साऱ्या गटाला तू खरं ते सांगितलंस. तसं मलाही एकदा सांग. वाईट असलं तरी ऐकून घेईन. माझी सगळी उमर तुमच्या घरात गेली, आणि तुझा स्वतःचा अभिप्राय मला अजून मिळालेला नाही.